कर्त्या बाई : फ्लोराबाई ससून ह्यांचे अल्पचरित्र

मुंबईस कुलाब्याकडे ससून गोदीवर भल्या पहाटे मासळीचा लिलाव भरतो. तेथून थोड्या अंतरावर, काळ्या घोड्याच्या चौकाजवळ, पिवळ्या मालाडी दगडाचे डेव्हिड ससून वाचनालय उभे आहे. पुण्यास जावे तर स्टेशनानजीक ससून रुग्णालय आणि कँपात उंच मनोऱ्याचे, लाल विटांचे, लोक ज्यास लाल देऊळ म्हणतात ते यहुदी प्रार्थनामंदिर दृष्टीस पडते. अशा रीतीने ससून हे नाव आपल्या नित्याच्या बोलण्यात इतके मिसळून गेले आहे की, ते एका कुटुंबाचे आडनाव होते ह्याची आठवणही पुष्कळांस राहिलेली नाही. ह्या इमारतींच्या शिलालेखांवर जी नावे कोरली आहेत ती बहुतेक पुरुषांची आहेत. परंतु ह्याच घराण्यात एक बाई होऊन गेल्या, ज्यांच्या विद्वत्तेची व कर्तृत्वाची कीर्ती त्यांच्या हयातीत मुंबईपासून बगदाद व लंडनपर्यंत पसरली होती. त्यांचे नाव फ्लोराबाई ससून. त्यांचे चरित्र आज आम्ही आमच्या बालवाचकांपुढे व त्यांच्या मातापित्यांपुढे ठेवीत आहो.

फ्लोराबाईंची ओळख होण्यापूर्वी त्यांच्या घराण्याची थोडी हकीकत सांगणे अवश्य आहे. ससून हे मूळचे बगदादचे. तेथे हे यहुदी घराणे पिढ्यान्पिढ्या प्रतिष्ठा पावलेले होते व डेव्हिड ससून ह्यांचे वडील तेथील पाशांचे खजिनदार होते. पुढे दाऊद पाशाच्या अमदानीत यहुदी लोकांवर जुलूम होऊ लागला, तेव्हा १७९२ साली जन्मलेल्या डेव्हिड ससून ह्यांस जीव वाचविण्यासाठी देशत्याग करावा लागला. इराणच्या आखातातील बुशायर बंदरात काही काळ काढून ते १८३२ च्या सुमारास सहकुटुंब मुंबईस आले आणि येथेच स्थायिक झाले. आपल्या कोकणातून आलेले, मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक मुंबईत आधीपासून होतेच; परंतु हे बगदादी यहुदी त्यांच्याहून निराळे. ह्यांची घरची भाषा अरबी होती. डेव्हिड ससून ह्यांनी आपल्या पुत्रांस एकेका बंदरी पाठवून पेढीचे जाळे पसरले. हाँगकाँग, शांघाय, कलकत्ता, लंडन अशा दूरदूरच्या ठिकाणी एकाच घरची माणसे बसली आणि एकमेकांस बगदादी अरबी बोलीत, परंतु हिब्रू लिपीत, पत्रे लिहू लागली. ती पत्रे परक्यास वाचता येत नसत, हा व्यापाराच्या दृष्टीने मोठाच लाभ होता. डेव्हिड ससून १८६४ साली पुण्यास वारले व लाल देवळाच्या आवारात त्यांची समाधी आहे.

फ्लोराबाईंचा जन्म १८५९ साली मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव गबाय. वडील इझिकिएल गबाय हे व्यापारी होते, आणि आई अझीझाबाई ह्या डेव्हिड ससून ह्यांचे ज्येष्ठ पुत्र आल्बर्ट ह्यांच्या कन्या. ससून गोदी १८७५ साली बांधून काढणारे ते हेच आल्बर्ट ससून. म्हणजे आईच्या बाजूने फ्लोराबाई मूळपुरुष डेव्हिड ससून ह्यांच्या पणती होत्या.

त्या काळी सधन घरांतूनही मुलींस लिहिणे-वाचणे शिकविण्याची चाल बेताचीच होती. धर्मग्रंथांचे सखोल अध्ययन हा तर पुरुषांचाच अधिकार मानला जाई. गबाय कुटुंबाने मात्र आपल्या मुलीच्या बुद्धीची पारख वेळीच केली. विद्वान धर्मगुरूंपाशी बसून तिने हिब्रू व अरामी ह्या प्राचीन भाषांचे आणि त्यांतील धर्मशास्त्राचे अध्ययन केले. घरी अरबी होतीच. नोकरचाकरांशी व गावातील लोकांशी बोलताना हिंदुस्थानी आली. त्याशिवाय इंग्रजी, फ्रेंच व जर्मन ह्या युरोपीय भाषाही तिने हस्तगत केल्या. आमच्या वाचकांनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी. पुढे ह्या बाईंच्या आयुष्यात जे जे प्रसंग आले, त्या प्रत्येकात ह्या लहानपणी साठविलेल्या पुंजीनेच त्यांस तारून नेले.

१८७६ साली फ्लोराबाईंचा विवाह सॉलोमन ससून ह्यांच्याशी झाला. सॉलोमन हे डेव्हिड ससून ह्यांच्या द्वितीय पत्नीचे पुत्र, म्हणजे नात्याने आल्बर्ट ह्यांचे सावत्र बंधू व फ्लोराबाईंच्या आईचे सावत्र काका. असे विवाह आज आपणास चमत्कारिक वाटतील; परंतु थोड्या लोकांच्या परदेशस्थ समाजात, धन आणि धर्म घरातच राहावेत ह्या हेतूने, ते त्या काळी होत असत. विवाहसमयी वधूचे वय सुमारे सतरा व वराचे पस्तीस होते. सॉलोमन स्वभावाने शांत, धर्मनिष्ठ व अत्यंत उद्योगी. त्यांचे इतर भाऊ एकामागून एक विलायतेस जाऊन तेथील राजदरबारी व सरदारी वर्तुळात रमले असता, मुंबईची मुख्य पेढी सांभाळण्याचा भार ह्यांनीच वाहिला. मलबार टेकडीवरील त्यांच्या घरी गव्हर्नरापासून धर्मगुरूंपर्यंत सर्व प्रकारचे पाहुणे येत. त्यांचे आगतस्वागत फ्लोराबाई करीत. आणि पाहुणे निघून गेल्यावर पतीशी पेढीच्या कामाचा खल करणाऱ्याही त्याच होत्या. त्यांस तीन अपत्ये झाली : राशेल, डेव्हिड व मोझेल. धाकटी मोझेल लहानपणापासून शरीराने अधू होती व तिच्या प्रकृतीची चिंता आईस सदैव लागून राहिलेली असे.

१८९४ साली सॉलोमन ससून ह्यांचे निधन झाले. त्या वेळी फ्लोराबाईंचे वय सुमारे पस्तीस वर्षांचे व मुलगा डेव्हिड अवघा चौदा वर्षांचा. अशा प्रसंगी काय होते हे आपण जाणतोच. कोणी दीर, कोणी भाचा येऊन कारभार हाती घेतो व विधवा बाई ओसरीवरून माजघरात जाते. येथे मात्र विपरीत घडले. पेढीच्या मुंबईच्या कारभाराची सूत्रे फ्लोराबाईंनी आपल्या हाती घेतली. समुद्रापार शाखा असलेल्या एवढ्या मोठ्या पेढीचा कारभार स्त्रीने पाहावा, ही गोष्ट त्या शतकात हिंदुस्थानातच काय, युरोपातही विरळाच होती.

तो काळही सोपा नव्हता. १८९३ साली हिंदुस्थान सरकारने टांकसाळी खासगी चांदीस बंद केल्या. तोपर्यंत कोणीही चांदी नेऊन द्यावी व रुपये पाडून घ्यावे अशी सोय होती. ती बंद होताच चांदी व रुपया ह्यांची ताटातूट झाली. चीन देशात तर सारा व्यवहार चांदीवर. सबब मुंबईचे सूत तेथे महाग पडू लागले व त्या व्यापारास धक्का बसला. तशातच जपानी गिरण्यांचे सूत चीनच्या बाजारात चढाओढीस उतरले. रोज निरनिराळ्या बंदरांहून तारा येत. भाव, हुंडणावळ, जहाजांच्या तारखा, गिरण्यांचा कापूस ह्या सर्वांचा मेळ घालून निर्णय करावा लागे. फ्लोराबाई पत्रे स्वतः वाचीत आणि उत्तरे स्वतः देत. ज्या भाषा त्यांनी बालपणी हौसेने शिकल्या होत्या, त्या आता कामास आल्या.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे आम्हास भाग आहे. ससून घराण्याच्या संपत्तीचा मोठा भाग अफूच्या व्यापारातून आला होता. माळव्यात व गंगेच्या खोऱ्यात पिकणारी अफू चीनला धाडली जाई व तेथे लक्षावधी लोकांच्या संसाराची राखरांगोळी करी. कायद्याने ह्या व्यापारास मनाई नव्हती. किंबहुना इंग्रज सरकारच्या तिजोरीत त्याचे मोठे उत्पन्न जमा होत असे, आणि मुंबईच्या पुष्कळ बड्या घराण्यांचा त्यात हात होता. १९०७ साली इंग्रज व चिनी सरकारांत ठराव झाला, तेव्हा कोठे हा व्यापार क्रमाने बंद होऊ लागला. फ्लोराबाई पेढीवर होत्या त्या वर्षांत पेढी अफूचा व्यवहार करीतच होती. थोरांच्या चरित्रातून असे डाग पुसून टाकण्याचा परिपाठ आम्हास मान्य नाही. ज्या पैशाने रुग्णालये व वाचनालये बांधली, तोच पैसा दुसऱ्या देशी घरे बुडवून आला होता, हे मुलांनी अवश्य जाणावे. जाणून मग बाईंच्या गुणांचे मोल करावे. कारण जे गुण आम्ही पुढे सांगणार आहो, ते पैशाने विकत मिळणारे नव्हते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाचे रोगी आढळले. डॉक्टर अकासिओ व्हिएगस ह्यांनी तो रोग प्लेग असल्याचे ओळखले. थोड्याच महिन्यांत साऱ्या शहरात हाहाकार उडाला. लाखो लोक गाव सोडून पळाले. गिरण्यांस माणसे मिळेनात. बंदरांत मुंबईची जहाजे अडकवून ठेवू लागले. सरकारने घरांची झडती घेणे, रोग्यांस बळाने रुग्णालयात नेणे, सामान जाळणे असे कडक उपाय योजिले. त्यामुळे रोगापेक्षा लोक शिपायांसच अधिक भिऊ लागले. पुढे रोग पुण्यास पोहोचला. तेथे रोग्यांची सेवा करीत असता सावित्रीबाई फुले ह्यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. आणि त्याच वर्षी जूनमध्ये, प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमामुळे खवळलेल्या तरुणांनी रँडसाहेबावर गोळी घातली, हा इतिहास आपणास ठाऊकच आहे.

ह्या संकटसमयी वॉल्डेमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ मुंबईस आले. हे ओडेसा शहरी १८६० साली जन्मलेले यहुदी गृहस्थ. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी महामारीवरील लस सिद्ध केली होती व १८९३ पासून ते हिंदुस्थानात ती टोचीत फिरत होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्यांनी रात्रंदिवस खपून प्लेगची लस तयार केली. मांसाच्या रसात थोडे तूप तरंगत ठेवून त्याखाली रोगजंतूंची वाढ करावयाची, मग ते जंतू उष्णतेने मारावयाचे व तो रस दंडात टोचावयाचा, अशी ती रीत होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. ताप आला, दंड ठणकला, परंतु दोन-चार दिवसांत ते बरे झाले.

लस सिद्ध झाली, परंतु ती घेण्यास लोक येईनात. ह्यात लोकांचा सर्वस्वी दोष होता असे आम्हास म्हणवत नाही. ज्या सरकारचे शिपाई घरात घुसतात, त्याच सरकारचा डॉक्टर हातात सुई घेऊन आला, तर त्याच्यावर विश्वास कोणी व का ठेवावा? लशीत निषिद्ध मांस आहे, तिने माणूस वांझ होतो, धर्म बुडतो अशा नाना वावड्या उठल्या. द्रव्याची येथे मात्रा चालत नव्हती. पैसा देऊन इमारत उभी राहील, औषध येईल. पण दुसऱ्याच्या मनातील भीती पैशाने कशी घालवावी?

फ्लोराबाईंनी ह्या प्रश्नाचे उत्तर स्वतःपुरते सोपे करून टाकले. त्यांनी हाफकिन ह्यांच्या कार्यास पाठबळ दिलेच. परंतु त्याहून मोठी गोष्ट ही की, त्यांनी लोकांसमक्ष स्वतःस लस टोचून घेतली. मलबार टेकडीवर राहणाऱ्या, हवी तर उद्या पुण्यास किंवा विलायतेस निघून जाऊ शकणाऱ्या बाईने आपला दंड पुढे केला. जी पीडा त्या इतरांस सोसावयास सांगत होत्या, ती त्यांनी प्रथम सोसली. ज्यांस त्यांनी समजाविले ते बहुतांशी हिंदू व मुसलमान शेजारी होते; त्यांचा धर्म निराळा, भाषा निराळी, चालीरीती निराळ्या. परंतु हिंदुस्थानी बोलणारी व आपल्या धर्माचे सोवळे कडकडीत पाळणारी ही बाई, दुसऱ्याच्या धर्मास धक्का लावणारे काही आपणास करावयास सांगणार नाही, असा लोकांस भरवसा वाटला. आगाखान महाराजांनीही अशाच प्रकारे आपल्या अनुयायांसमोर लस घेतली. अशा उदाहरणांनी हळूहळू लोकांची भीड चेपली व टोचून घेणारांची संख्या वाढली. ती लस रामबाण होती असे नाही. परंतु ती घेणारांत मृत्यूचे प्रमाण पुष्कळ उतरले. हाफकिन ह्यांची ती प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली आणि १९२५ पासून हाफकिन ह्यांचेच नाव त्या संस्थेस मिळाले.

आमच्या मते बाईंच्या चरित्राचे सार ह्या एका प्रसंगात साठविले आहे. दान देणाऱ्याचा हात वर असतो व घेणाऱ्याचा खाली. लस टोचून घेणाऱ्या बाईंचा हात मात्र इतर सर्वांच्या हातांच्या बरोबरीने पुढे झाला होता. त्या क्षणी त्या शेटाणी राहिल्या नव्हत्या. प्लेगने भ्यालेल्या एका शहरातील एक रहिवासी झाल्या होत्या.

पेढीवरील त्यांची कारकीर्द मात्र फार दिवस चालली नाही. १९०१ साली पेढीचे रूपांतर खासगी मर्यादित कंपनीत झाले व त्याच वर्षी फ्लोराबाई मुंबई सोडून इंग्लंडास गेल्या. मोझेलच्या दुखण्यावर तेथील नामांकित वैद्यांचे उपचार व्हावेत हे ह्या प्रवासाचे कारण पुष्कळ दिवस सांगितले जाई, आणि त्यात तथ्य होतेच. परंतु घराण्याचा जुना पत्रव्यवहार अलीकडे अभ्यासकांनी वाचला, तेव्हा दुसरी बाजूही उजेडात आली. घरातील पुरुष मंडळींस एका स्त्रीची सत्ता रुचत नव्हती व कंपनीच्या नव्या घडणीत त्यांनी तिला कारभारापासून दूर सारले, असे त्या पत्रांवरून इतिहासकार म्हणतात. सात वर्षे जो भार खांद्यावर वाहिला, तो अशा रीतीने उतरविला जाताना बाईंस काय वाटले असेल, ह्याची कल्पना प्रत्येक वाचकाने आपल्या मनाशी करावी. त्यांनी जगापुढे गाऱ्हाणे मांडले नाही. मुलांस घेऊन त्या जहाजावर चढल्या व पुढील पस्तीस वर्षांचे आयुष्य त्यांनी दुसऱ्याच कामास वाहिले.

लंडनमध्ये ब्रूटन स्ट्रीटवरील त्यांचे घर म्हणजे जणू एक लहानसे विद्यापीठच होते. बगदादचे धर्मगुरू, युरोपातील पंडित, राजकारणी पुरुष, गरीब विद्यार्थी असे सर्व तेथे येत. बाईंच्या ससून नातलगांपैकी कित्येक इंग्रजी समाजात मिसळून आपले जुने आचार विसरत चालले होते. फ्लोराबाईंनी मात्र शब्बाथाचा विसावा, भोजनाचे नियम व प्रार्थनेच्या वेळा ह्यांत कधी खंड पडू दिला नाही. यहुदी धर्मात सामुदायिक प्रार्थनेस दहा पुरुष लागतात. प्रवासात ही संख्या मिळावी म्हणून बाई दहा पुरुषांस बरोबर घेत, व शास्त्रोक्त रीतीने पशू मारणारा माणूसही त्यांच्या परिवारात असे. कोणास हा श्रीमंतीचा थाट वाटेल. आम्हास त्यात निश्चय दिसतो. कारण परक्या मुलखी, कोणी पाहत नसता, आपले नियम पाळणे हीच निष्ठेची खरी कसोटी होय.

१९१० साली बाई आपल्या पूर्वजांच्या बगदाद शहरी गेल्या. जेथून त्यांचे पणजोबा जीव मुठीत धरून निघाले होते, तेथेच ह्या पणतीचे मोठ्या सन्मानाने स्वागत झाले व तेथील प्रार्थनामंदिरात धर्मग्रंथाचे वाचन करण्याचा मान तिला देण्यात आला. स्त्रीस हा मान मिळणे त्या काळी जवळजवळ अश्रुतपूर्व होते. पुढे १९२४ साली लंडनच्या ज्यूज कॉलेज ह्या धर्मगुरू तयार करणाऱ्या विद्यालयाच्या वार्षिक समारंभाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले व विद्वत्तापूर्ण भाषण केले. १८५५ साली स्थापन झालेल्या त्या विद्यालयाच्या इतिहासात असा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत. अकराव्या शतकात फ्रान्स देशी होऊन गेलेले राशी नावाचे थोर भाष्यकार, ह्यांच्याविषयी त्यांनी लिहिलेला निबंध १९३० साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी बाई सत्तरी ओलांडून गेल्या होत्या. विद्येची गोडी एकदा लागली की ती वयाबरोबर कमी होत नाही, ह्याचे हे प्रत्यक्ष प्रमाणच होय.

मातेचे संस्कार अपत्यांत उतरले. ज्येष्ठ कन्या राशेल १९१२ साली कलकत्त्याच्या सर डेव्हिड एझ्रा ह्यांस दिली. पुत्र डेव्हिड ससून व्यापारात रमला नाही. त्याने जन्मभर देशोदेशी हिंडून जुन्या हिब्रू हस्तलिखितांचा शोध केला. हजाराहून अधिक पोथ्या त्याने जमविल्या व १९३२ साली त्यांची दोन खंडांची वर्णनात्मक सूची छापली. ह्यातील एक पोथी सुमारे हजार वर्षांपूर्वीची, हिब्रू धर्मशास्त्राचे जवळजवळ सर्व भाग असलेली आहे. ती त्याने १९२९ साली घेतली. तीच पोथी २०२३ साली न्यूयॉर्क शहरी लिलावात तीन कोटी ऐंशी लक्षांहून अधिक डॉलरांस विकली गेली व तेल अवीव येथील संग्रहालयास अर्पण करण्यात आली. पोथ्यांची ही आवड त्यास कोणापासून लागली हे सांगावयास नकोच.

१४ जानेवारी १९३६ रोजी, पाऊणशे वर्षांहून अधिक आयुष्य भोगून, फ्लोराबाई लंडन येथे निधन पावल्या.

आज ससूनांच्या गिरण्यांचे भोंगे वाजत नाहीत. शांघाय व हाँगकाँगच्या त्यांच्या पेढ्या इतिहासजमा झाल्या. अफूचा पैसा जसा आला तसा गेला. राहिले काय? गोदी, वाचनालय, रुग्णालय राहिले; काही पोथ्या राहिल्या; आणि भ्यालेल्या शहरासमोर एका बाईने पुढे केलेला हात, ही आठवण राहिली. दगडी इमारतींपेक्षा ही आठवण ठिसूळ असते, कारण तिला शिलालेख नसतो. कोणी सांगितली तरच ती टिकते. म्हणून आम्ही ती येथे सांगितली.

मुलांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कोणी धनवान होईल, कोणी होणार नाही. परंतु दुसऱ्यास जे करावयास सांगावयाचे ते प्रथम आपण करून दाखविण्यास धनाची गरज लागत नाही. वर्गात, खेळाच्या मैदानावर, घरी धाकट्या भावंडांसमोर, हा प्रसंग दररोज येतो. तो आला म्हणजे फ्लोराबाईंस आठवा.

आणि पालकांस आमची एक नम्र विनंती आहे. ज्या वर्षी फ्लोराबाईंवर वैधव्य कोसळले, त्या वर्षी त्यांस काही शिकण्यास सवड नव्हती. जे शिकावयाचे ते त्यांच्या घरच्यांनी, ती लहान मुलगी असताना, तिचा पुढे काय उपयोग होईल ह्याचा हिशेब न करता शिकवून ठेविले होते. त्या मुलीस सहा-सात भाषा कशाला हव्यात, असे म्हणणारे शेजारी तेव्हाही असतीलच. आपल्याही घरी अशी एखादी मुलगी पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसली असेल. तिला कामास उठविण्यापूर्वी क्षणभर विचार करावा, एवढेच आमचे मागणे आहे.